लॉस एंजेलिस डॉजर्स, २०२४ : जायबंदी पिचर, ५०-५० आणि लंगडत्या पायाचा होम रन (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

डॉजर्सच्या २०२४ च्या हंगामाबद्दल एवढे का बोलले जाते?

अमेरिकेतल्या या बेसबॉल संघाने १६२ पैकी ९८ सामने जिंकले, त्या वर्षी मेजर लीग या तिथल्या सर्वोच्च स्पर्धेतल्या कोणत्याही संघापेक्षा जास्त, आणि पुढे न्यूयॉर्क यांकीजला हरवून आठव्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. पण केवळ निकाल पाहिले तर या हंगामातली खरी गंमत हाती लागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला ज्या पिचरांच्या जिवावर हा संघ उभा केला होता, त्यांतले बहुतेक ऑक्टोबर उजाडेपर्यंत दुखापतीने बाहेर बसले होते. त्याच वर्षी असे विक्रम झाले, जे त्याआधी कोणाच्या नावावर नव्हते. या दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगण्याची पद्धत आहे, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत: त्या वर्षीचे दोन्ही मोठे पराक्रम, शोहेई ओतानीचे ५०-५० आणि फ्रेडी फ्रीमनचा होम रन, दुखापतीच्या पोटातूनच आले.

बेसबॉल कधी पाहिलेला नसेल तर हे समजायला किती नियम माहीत हवेत?

फारच थोडे. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा आणि बॅटर म्हणजे फटका मारणारा. बॅटरला चार बेसची फेरी पूर्ण केली की एक धाव मिळते, तीन खेळाडू बाद झाले की फलंदाजीची पाळी संपते आणि प्रत्येक संघाला अशा नऊ पाळ्या (इनिंग) मिळतात. चेंडू थेट कुंपणापार गेला की होम रन होतो, आणि तिन्ही बेसवर आपले खेळाडू उभे असताना होम रन बसला तर एकदम चार धावा मिळतात, ज्याला ग्रँड स्लॅम म्हणतात. पिचर चेंडू टाकत असताना बेसवरच्या खेळाडूने पुढचा बेस पळवला तर ती ‘स्टील’. क्रिकेटमधली चोरटी धाव तिला जवळची वाटते खरी, पण पोटावर झेपावत बेस गाठणारा खेळाडू पाहिला की आपल्याला खो-खोतला सूरच आठवतो.

हंगामाची सुरुवात कोरियात कशी झाली?

खेळाचा प्रसार हा लीगचा हेतू होता. २० आणि २१ मार्च २०२४ रोजी सोलच्या गोचोक स्काय डोममध्ये डॉजर्स आणि सॅन डिएगो पाद्रेस यांच्यात दोन सामने झाले. पहिला डॉजर्सने ५-२ असा जिंकला आणि दुसरा १५-११ असा गमावला. साडेबत्तीस कोटी डॉलरच्या करारावर जपानहून आलेल्या योशिनोबू यामामोतोचे त्या दुसऱ्या सामन्यात पदार्पण झाले आणि एका इनिंगमध्ये पाच धावा देऊन तो परतला. त्यावरून त्याच्याविषयी घाईने बरेच काही लिहिले गेले; ते सगळे चुकीचे ठरले.

नेमके कोण कोण जखमी झाले?

यादी मोठी आहे आणि तिची सुरुवात हंगामाच्या आधीपासूनच होते. टोनी गॉन्सोलिनच्या कोपरावर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे त्याचे पूर्ण वर्ष गेले. क्लेटन कर्शॉच्या खांद्यावर नोव्हेंबर २०२३ मध्ये शस्त्रक्रिया झाली; तो जुलैअखेर परतला, सात सामने खेळला आणि पायाच्या अंगठ्यातल्या वाढलेल्या हाडाने त्याला पुन्हा बसवले. वॉकर ब्यूलर कोपराच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर मे महिन्यात मैदानात उतरला खरा, पण जुना ब्यूलर कुठे दिसेना: नियमित हंगामात त्याने एक विजय मिळवला आणि सहा पराभव पत्करले. एमेट शीहनचे कोपर मे महिन्यात गेले. नवोदित रिव्हर रायन जेमतेम चार सामने खेळला आणि ऑगस्टमध्ये तोही त्याच वाटेने गेला.

जून महिन्यातले दोन दिवस तर सलग फटक्यांचे होते. १५ जूनला कॅन्सस सिटीविरुद्ध यामामोतो दोन इनिंगनंतर हात धरून बाहेर पडला. पुढे खांद्याचा स्नायू दुखावल्याचे निदान झाले आणि तो थेट १० सप्टेंबरला परतला. दुसऱ्याच दिवशी, त्याच संघाविरुद्ध, वेगवान चेंडू लागून मूकी बेट्सच्या डाव्या हाताचे हाड मोडले. मॅक्स मन्सी बरगडीजवळचा स्नायू दुखावल्याने मे महिन्यापासून तीन महिने बाहेर होताच.

टायलर ग्लासनाऊने त्या वर्षी १३४ इनिंग टाकल्या, ज्या त्याच्या कारकिर्दीतल्या सर्वाधिक होत्या, आणि ऑगस्टनंतर कोपरामुळे तो पुन्हा उतरला नाही. गॅव्हिन स्टोन हा वर्षभर भरवशाचा राहिला, पण सप्टेंबरमध्ये त्याचा खांदा बोलू लागला आणि ऑक्टोबरमध्ये त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. क्रमवारीच्या हिशेबात धरण्यासाठी पिचरला संघाच्या सामन्यांइतक्या, म्हणजे १६२ इनिंग टाकाव्या लागतात. विजेत्या डॉजर्सचा एकही पिचर त्या आकड्यापर्यंत पोहोचला नाही, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

सर्वांत विचित्र दुखापत डस्टिन मे याची. कोपराच्या आसपासच्या शस्त्रक्रियेतून तो जवळजवळ बरा झाला होता आणि ॲरिझोनात सराव करत होता. जुलैमध्ये एका रात्री जेवताना सॅलडमधले पान घशात अडकले, ते उतरवायला तो पाणी प्यायला आणि अन्ननलिका फाटली. त्याच रात्री तातडीची शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.

‘टॉमी जॉन शस्त्रक्रिया’ म्हणजे काय? ती सारखी ऐकू येते.

कोपराच्या आतल्या बाजूला दंडाचे हाड आणि हाताचे हाड यांना बांधून ठेवणारा एक लहानसा अस्थिबंध असतो. बेसबॉलचा पिचर हात मागे नेऊन पुढे फेकतो त्या क्षणी त्याच्यावर प्रचंड ताण येतो, आणि वर्षानुवर्षांच्या ताणाने तो झिजतो किंवा फाटतो. पूर्वी याचा अर्थ कारकीर्द संपली असाच होता. १९७४ मध्ये टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या डाव्या कोपरात असेच झाले. तेव्हा डॉ. फ्रँक जोब यांनी त्याच्या उजव्या हातातला स्नायुबंध काढून, हाडांना भोके पाडून, तो डाव्या कोपरात ओवून बसवला. जॉन १९७६ मध्ये परतला, १९८९ पर्यंत खेळला आणि त्याने एकूण २८८ विजयांपैकी १६४ विजय या शस्त्रक्रियेनंतर मिळवले.

मुद्दा असा की टॉमी जॉन हा डॉजर्सचाच पिचर होता आणि डॉ. जोब हे डॉजर्सचेच डॉक्टर. सप्टेंबर २०२४ मध्ये त्या शस्त्रक्रियेला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा याच संघातले अर्धा डझन पिचर त्या किंवा तत्सम शस्त्रक्रियेच्या खुणा कोपरावर वागवत होते. असा सुवर्णमहोत्सव कोणी मुद्दाम आखला नसता.

एवढ्या पिचरांचे हात का जातात? व्यायाम कमी पडतो का?

उलट म्हणता येईल. मेजर लीगने स्वतः करवून घेतलेला अभ्यास डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याने बोट ठेवले ते वाढत्या वेगावर, चेंडूला जास्तीत जास्त फिरकी आणि वळण देण्याच्या हव्यासावर आणि प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकण्याच्या सवयीवर. पूर्वीचा पिचर शंभर चेंडूंचा हिशेब मनात ठेवून दम राखत असे. आजच्याला ती मुभा नाही, कारण शाळकरी वयापासून निवड वेगावरच होते. क्रिकेटमध्ये कोपर सरळ ठेवावे लागत असल्यामुळे वेगवान गोलंदाजाचा भार पाठीवर येतो, जसप्रीत बुमराहच्या पाठीने आपल्याला ते पुरेसे शिकवले आहे. बेसबॉलमध्ये तोच भार कोपरावर आणि खांद्यावर जातो. शस्त्रक्रियेचे यश वाढल्याने जोखीम घेण्याची भीती कमी झाली असावी, असेही वाटते.

दुखापतग्रस्तांच्या यादीचा नियम काय आहे?

संघात एका वेळी २६ खेळाडू ठेवता येतात. जखमी खेळाडूला यादीत टाकले की त्याची जागा मोकळी होते. पिचरला किमान १५ दिवस आणि इतरांना किमान १० दिवस परतता येत नाही. गंभीर दुखापतीसाठी ६० दिवसांची वेगळी यादी आहे. पगार चालू राहतो.

शोहेई ओतानी पिचिंग करत नव्हता, तरी त्याचे वर्ष ऐतिहासिक कसे ठरले?

डिसेंबर २०२३ मध्ये ओतानीने डॉजर्सशी दहा वर्षांचा, सत्तर कोटी डॉलरचा करार केला तो पिचर आणि बॅटर अशा दोन्ही भूमिकांसाठी. पण त्याआधीच, १९ सप्टेंबर २०२३ रोजी, त्याच्या उजव्या कोपरावर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झाली होती; तीही लॉस एंजेलिसमधल्या त्या संस्थेत, जिच्या नावात डॉ. जोब यांचे नाव आहे. त्यामुळे २०२४ मध्ये त्याला चेंडू टाकायचाच नव्हता, केवळ फलंदाजी करायची होती.

एरवी पिचिंगसाठी पाय राखून ठेवावे लागतात. ते बंधन गेल्यावर त्याने काय केले, तर पळायला सुरुवात केली. तोपर्यंत एका हंगामातल्या त्याच्या सर्वाधिक स्टील २६ होत्या; २०२४ मध्ये त्याने ५९ केल्या आणि केवळ चार वेळा तो पकडला गेला. २३ ऑगस्टला टँपा बे रेजविरुद्ध त्याने चाळिसावी स्टील आणि चाळिसावा होम रन एकाच सामन्यात पूर्ण केला, आणि तो होम रन शेवटच्या इनिंगमध्ये सामना तिथेच संपवणारा ग्रँड स्लॅम होता. ४०-४० गाठणारा तो सहावा खेळाडू, आणि १२६ सामन्यांत गाठणारा सर्वांत वेगवान.

मग आला १९ सप्टेंबर २०२४, शस्त्रक्रियेला बरोबर एक वर्ष झाल्याचा दिवस. मायामीत मार्लिन्सविरुद्ध उतरताना त्याच्या नावावर ४८ होम रन आणि ४९ स्टील होत्या. पहिल्या इनिंगमध्ये तिसरा बेस पळवून त्याने पन्नास पूर्ण केले, दुसऱ्या इनिंगमध्ये आणखी एक स्टील केली. सहाव्या इनिंगमध्ये ४९ वा होम रन गेला. सातव्या इनिंगमध्ये पहिला बेस रिकामा असल्याने त्याला फटका मारू न देता मुद्दाम बेस बहाल करण्याची पळवाट मार्लिन्सचे व्यवस्थापक स्किप शूमेकर यांच्यापुढे होती. ती त्यांनी नाकारली, आणि पन्नासावा होम रन डाव्या मैदानाच्या कुंपणापार गेला. नवव्यात एकावन्नावाही झाला. त्या दिवशी तो सहा वेळा फलंदाजीला आला आणि सहाही वेळा त्याचा फटका यशस्वी ठरला. संघाने २०-४ असा विजय मिळवून बाद फेरीतली जागाही पक्की केली. पन्नासावा चेंडू पुढे लिलावात सुमारे ४४ लाख डॉलरला विकला गेला.

हंगामअखेर आकडे होते ५४ होम रन आणि ५९ स्टील. मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक असलेल्या नॅशनल लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याची एकमताने निवड झाली. क्षेत्ररक्षण अजिबात न करणाऱ्या खेळाडूला हा मान प्रथमच मिळाला.

२०२३ पासून बेस मोठे केले, म्हणून स्टील सोप्या झाल्या, असे म्हणतात. ते खरे का?

काही अंशी खरे आहे. बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच झाली आणि बेसवरच्या खेळाडूला धाकात ठेवण्यासाठी पिचरने चेंडू तिकडे फेकण्यावर मर्यादा आली. पण हा नियम सगळ्यांनाच लागू होता आणि ५०-५० पर्यंत दुसरे कोणी पोहोचले नाही.

संघाने उणीव भरून कशी काढली?

जुलैच्या अखेरीस खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते. डॉजर्सने त्या वेळी डेट्रॉइटकडून पिचर जॅक फ्लाहर्टीला आणि एका तिहेरी व्यवहारातून मायकेल कोपेक व टॉमी एडमन यांना घेतले. यातला एडमन लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे आणि नंतर घोट्यामुळे तो त्या वर्षी तोवर एकही सामना खेळला नव्हता. आधीच दवाखाना झालेल्या संघाने आणखी एक रुग्ण विकत घेतला, अशी तेव्हा थट्टा करता आली असती. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सविरुद्धच्या मालिकेत तोच मालिकावीर ठरला.

‘बुलपेन सामना’ ही काय भानगड आहे?

सामान्यतः एक पिचर पाच-सहा इनिंग टाकतो आणि मग राखीव पिचर, म्हणजे बुलपेन, पुढे काम पाहतो. ऑक्टोबरमध्ये डॉजर्सकडे पूर्ण सामन्याची सुरुवात करू शकणारे तिघेच उरले होते: यामामोतो, फ्लाहर्टी आणि चाचपडणारा ब्यूलर. म्हणून काही सामने पूर्णपणे राखीव पिचरांवर, एकेक-दोनदोन इनिंग वाटून, खेळावे लागले. बाद फेरीच्या मालिकेत पाद्रेसविरुद्ध संघ १-२ असा मागे असताना, हरले तर घरी जावे लागेल अशा ९ ऑक्टोबरच्या सामन्यात, व्यवस्थापक डेव्ह रॉबर्ट्स यांनी आठ पिचर वापरले आणि आठांनी मिळून एकही धाव दिली नाही. निकाल ८-० असा लागला. त्या आठांतला अँथनी बांदा मे महिन्यात केवळ रोख रकमेवर क्लीव्हलँडकडून आला होता. दोन दिवसांनी, मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, पिचर ॲलेक्स व्हेसियाचा बरगडीजवळचा स्नायू दुखावला, म्हणजे जखमींची यादी तेव्हाही वाढतच होती. त्याच सामन्यात यामामोतो आणि सहकाऱ्यांनी पाद्रेसला पुन्हा शून्यावर रोखले. सोलमधली ती एक इनिंग आता कोणी काढत नव्हते.

फ्रेडी फ्रीमनच्या होम रनला एवढे महत्त्व का?

डॉजर्सचा बॅटर फ्रीमन याचे वर्ष घरूनच कठीण झाले होते. जुलैअखेर त्याच्या तीन वर्षांच्या मुलाला गिलन-बारे सिंड्रोम झाला आणि तो आठ सामने मुलाजवळ राहिला. ऑगस्टमध्ये त्याच्या बोटाचे हाड मोडले. २६ सप्टेंबरला, विभागाचे विजेतेपद निश्चित झाले त्याच रात्री, पहिल्या बेसवर धडक होऊन त्याचा उजवा घोटा मुरगळला. बरगडीची कूर्चाही मोडली होती, हे हंगाम संपल्यावर कळले. बाद फेरीच्या पहिल्या दोन मालिकांत तो काही सामने बसून राहिला आणि जे खेळला त्यांत एका बेसपलीकडचा एकही फटका त्याला मारता आला नाही.

२५ ऑक्टोबरला डॉजर स्टेडियमवर वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना बरोबरीमुळे दहाव्या इनिंगमध्ये गेला. आपल्याकडे तेव्हा २६ तारखेची सकाळ होती. यांकीज ३-२ असे पुढे होते. डॉजर्सचे दोन खेळाडू बेसवर असताना यांकीजने नेस्टर कॉर्तेसला बोलावले, जो स्वतः कोपराजवळच्या दुखापतीमुळे १८ सप्टेंबरपासून खेळला नव्हता. त्याच्या पहिल्याच चेंडूवर ओतानीचा उंच झेल ॲलेक्स व्हर्ड्यूगोने प्रेक्षकांत कोलांटी घेत पकडला. बेट्सला मुद्दाम बेस बहाल करण्यात आला आणि बेस भरले. जायबंदी पिचरसमोर आता जायबंदी बॅटर होता. कॉर्तेसचा पुढचा चेंडू आत आला, फ्रीमनने तो उजवीकडच्या प्रेक्षागारात टाकला आणि बॅट एका हाताने उंच धरून काही क्षण तो जागचा हलला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना संपवणारा ग्रँड स्लॅम याआधी झालेला नव्हता. फेरी पूर्ण करून तो जाळीमागे बसलेल्या वडिलांकडे धावला.

जुन्या प्रेक्षकांना १९८८ आठवले, जेव्हा याच मैदानावर, पहिल्याच सामन्यात, दोन्ही पाय अधू झालेल्या कर्क गिब्सनने असाच शेवट केला होता. फ्रीमनने पुढच्या तीनही सामन्यांत होम रन मारले आणि एकूण १२ धावा संघाला मिळवून देत जुन्या विक्रमाची बरोबरी केली. मालिकावीर अर्थातच तोच.

ओतानी वर्ल्ड सिरीजमध्ये थंड का पडला?

दुसऱ्या सामन्यात बेस पळवताना त्याचा डावा खांदा निखळला. तरी तो पुढचे सामने खेळला आणि बेसवर असताना डावा हात हलू नये म्हणून अंगातल्या जर्सीची कॉलर धरून उभा राहात असे. संपूर्ण मालिकेत त्याचे दोनच फटके यशस्वी झाले. ५ नोव्हेंबरला खांद्यावर शस्त्रक्रिया झाली.

शेवटच्या सामन्यात पाच धावांची पिछाडी कशी भरून निघाली?

३० ऑक्टोबरला यांकी स्टेडियमवर डॉजर्स ०-५ असे मागे होते आणि पहिल्या चार इनिंगमध्ये यांकीजचा पिचर गेरिट कोल याने त्यांना एकही फटका मारू दिला नव्हता. पाचव्यात ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, अँथनी व्होल्पीची तिसऱ्या बेसकडची फेक चुकली आणि बेट्सच्या साध्या चेंडूवर पहिला बेस झाकायला कोल धावलाच नाही. या तीन चुकांवर पाच धावा झाल्या. पुढे यांकीजने पुन्हा आघाडी घेतली, ती आठव्या इनिंगमध्ये मोडली आणि सामना ७-६ वर आला. शेवटची इनिंग टाकायला राखीव पिचर जवळजवळ उरले नव्हते. तेव्हा एकाच दिवसाची विश्रांती मिळालेला ब्यूलर, ज्याने नियमित हंगामात एकच विजय पाहिला होता, तो आला आणि तिघांना बाद करून परतला.

हे सगळे पैशाच्या जोरावर नव्हे का?

पैसा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. ओतानीने सत्तर कोटींपैकी ६८ कोटी डॉलर २०३४ पासून पुढे घेण्याचे मान्य केल्याने संघाला तातडीच्या खर्चाला हातही मोकळा मिळाला. पण ज्यांच्यावर पैसा ओतला त्या पिचरांपैकी ग्लासनाऊ ऑक्टोबरमध्ये उपलब्ध नव्हता आणि ओतानी चेंडू टाकत नव्हता. पैशाने खेळाडूंची लांब फळी विकत घेता येते, आणि संघाला ती उपयोगी पडली; त्या फळीत शेवटी कोण उभे असेल हे मात्र ठरवता आले नाही.

संघाच्या गणवेशावर ३४ हा आकडा का होता?

मालिका सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, २२ ऑक्टोबरला, ३४ क्रमांकाची जर्सी घालणारे डॉजर्सचे जुने पिचर फर्नांडो व्हालेन्झुएला यांचे निधन झाले. १९८१ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वस्त्यांना डॉजर्सशी जोडले होते. विजययात्रा १ नोव्हेंबरला निघाली. तो त्यांचा जन्मदिवस होता.

मराठी वाचकाला हे मैदान प्रत्यक्ष पाहायचे असेल तर?

डॉजर स्टेडियम १९६२ पासून उभे आहे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बेसबॉल तिथे होईल आणि क्रिकेट जवळच्या पोमोना इथे. एका फेरीत दोन्ही साधता येईल.

त्या जखमींचे पुढे काय झाले?

ओतानी जून २०२५ मध्ये पुन्हा चेंडू टाकू लागला आणि त्या वर्षीही संघाने वर्ल्ड सिरीज जिंकली. स्टोनचे २०२५ चे पूर्ण वर्ष खांद्यात गेले. कर्शॉ २०२४ संपताना २,९६८ स्ट्राइकआउटवर (बॅटरला फटका मारू न देता बाद करण्यावर) अडकला होता, म्हणजे तीन हजारांना बत्तीस कमी. नोव्हेंबरमध्ये त्याच्या पायावर आणि गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. २ जुलै २०२५ रोजी घरच्या मैदानावर त्याने तीन हजारावा स्ट्राइकआउट मिळवला. त्या दिवशी तिथवर पोहोचायला त्याला शंभर चेंडू लागले.